मोगऱ्याची तारीख

२ जानेवारी

टिल्ले,

दोन वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि त्यात काय, तर 'तुझं गणित चुकलं'. ना 'ताई, कशी आहेस', ना नव्या वर्षाच्या शुभेच्छा. चला, निदान हात धड आहेत तुझे, एवढं तरी कळलं.

मागच्या भिंतीजवळची लिली फुलली म्हणतेस. लाल चेंडू, नारळाएवढा. अगं, ती लिली मे महिन्यात येते. मे म्हणजे मे! तुझ्या घरामागची बाग मी स्वतः लावून दिलीय, एकेक कंद माझ्या हाताने पुरलाय. कधी काय फुलेल त्याचा तक्ता तुझ्या फ्रिजवर चिकटवून दिला होता, तो फाडून टाकला नसशील तर बघ. एप्रिलला चिंगीच्या खिडकीखाली मोगरा. मे महिन्यात पार मागे, भिंतीशी लिली. जुलैपासून मधल्या वाफ्यात निशिगंध, ऑगस्टात खिडकीच्या पुढ्यातल्या मांडवावर जाई, आणि थंडीत शेवंती. एक महिना रिकामा ठेवला नव्हता मी. सार्वजनिक बागेत मला पगार मिळतो तो याच कामाचा. कोणी बडा पाहुणा यायचा असला की आमचे साहेब विचारतात, "बाई, त्या दिवशी काय फुललेलं असेल?" मी सांगते, आणि तेच फुलतं. तेव्हा मला शिकवू नकोस.

एक तर तू भलतंसलतं खत घालतेयस, नाहीतर थापा मारतेयस. थापा मारतेस असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतेच आहे. फोटो पाठव.

बाग लावून झाली आणि तू लोकांना घर बघायला बोलावलंस, त्या दिवशी मी चारचौघांत 'कचऱ्यावर घर बांधलंत' म्हणाले, ते तुला अजून झोंबतंय हे मला माहीत आहे. मग खोटं होतं का ते? जुन्या खाणीत गावाचा कचरा भरला, वर माती लोटली आणि त्यावर तुमची कॉलनी उभी राहिली, हे शेंबडं पोरही सांगेल. स्वस्तात मिळालं, घेतलंत. मी बोलले ते बोलले, परत घेणार नाही.

तुझ्या नवऱ्याने, वेल्डरसाहेबांनी, चिंगीच्या खोलीखाली तळघर खणून आपला कारखाना तिथे थाटला, हे तर तू असं लिहिलंयस की जसा काही राजवाडाच बांधला. अभिनंदन हो. चिंगीला मावशीचा पापा दे. फोन उचलत जा, म्हणजे पोस्टाचं तिकीट चाटावं लागणार नाही.

ताई

१६ जानेवारी

टिल्ले,

फोटो मिळाला. लिलीच आहे. मान खाली घालून कबूल करते, तुझी लिली खरंच मे महिन्याची वाट न बघता आली.

पण या वेळी तू लिहितेस की निशिगंधही फुलला. 'अख्ख्या कॉलनीत अशी बाग नाही, बायका कंपाउंडवरून माना लांब करून बघतात.' बघू देत. पण टिल्ले, मला हे बरं लक्षण वाटत नाही. का, ते नीट वाच. नेहमीसारखं अर्धं वाचून कागद भिरकावू नकोस.

आमच्याकडे रोपघर आहे. काचेचं, लांबलचक. थंडीत रोपं वाढावीत म्हणून वाफ्यांच्या खालून गरम पाण्याचा पाइप नेलाय. काल मी तिथे उभी होते. पाइप जिथून जातो तिथली रोपं कळ्यांवर आलीत, आणि हातभर बाजूची अजून झोपलीत. वरून बघितलं तर पाइप जमिनीत कुठे आहे ते नुसत्या कळ्या बघून खडूने आखता येईल. कंदाला कॅलेंडर कळत नाही गं. त्याच्या बुडाला ऊब लागली की त्याला वाटतं उन्हाळा आला.

तुझ्या बागेत पाइप नाही. मग ऊब कुठून?

एक काम कर. सकाळी ऊन यायच्या आत मागे जा, लिलीजवळच्या मातीत बोटं खुपस, मग निशिगंधाजवळ. आणि दव बघ. बाकी गवत ओलं आणि तिथलं कोरडं, असं आहे का?

खाली तू लिहिलंयस, 'चिंगी हल्ली सकाळी उठायलाच मागत नाही, आळशी झालीय, मावशीवर गेली.' मावशी पहाटे उठते, हे तुला ठाऊक आहे. तिला काय होतंय? ताप आहे का?

ताई

२५ जानेवारी

टिल्ले,

'हो, माती कोमट आहे. दवही पडत नाही. मग? फुकटची ऊब मिळतेय, तुझं का पोट दुखतंय?'

हे वाचून मी कार्ड घेऊन तडक ऑफिसाबाहेर पडले. आमचे माळीबुवा वाफ्यांना पाणी घालत होते. त्यांना सगळं सांगितलं. पाण्याची नळी खाली ठेवून म्हणाले, "बाई, आमच्या लहानपणी एक उकिरडा असाच आतून धुमसत होता. वर हिरवंगार. एक म्हैस चालता चालता आत गेली." बास, एवढंच. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

तुझ्या घरामागची जमीन आतून जळतेय टिल्ले. ज्वाळा नाही, धूर नाही, कोळसा राखेखाली धुमसतो तशी. खाली पिढ्यानपिढ्यांचा कचरा आहे, त्याला आग लागली की ती विझत नाही, सरकत राहते.

मी नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांना म्हटलं, अमुक कॉलनीत जमिनीखाली आग आहे. "धूर दिसतो?" नाही. "वास?" नाही. "मग तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, फुलं लवकर आलीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाजूच्याला हाक मारून म्हणाले, "अरे ऐक, फुलं लवकर आली अशी तक्रार आहे." दोघं पोट धरून हसले. जाताना मला म्हणतात कसे, "मावशी, फुलं उशिरा आली तर आमच्याकडे या."

मग मी तशीच तुझ्या फाटकाशी आले. हे तुला तुझ्या नवऱ्याने सांगितलं का? नसणारच. तू चिंगीला आणायला शाळेत गेली होतीस. तो फाटकात हात आडवा धरून उभा राहिला. म्हणाला, "ताई, दोन वर्षांपूर्वी कचरा म्हणालात, आता आग म्हणताय. आणखी दोन वर्षांनी काय म्हणणार? आम्ही घर सोडावं एवढीच तुमची इच्छा आहे ना?" मी म्हटलं, "हो, तीच आहे." त्याने फाटक लावून घेतलं.

चिडून बोलले खरी, पण ते खरंच आहे. सोडा ते घर. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मी, एकीत तुम्ही. त्याच्यासाठी गॅलरीत खाट टाकीन, आणि त्याचा चहा गोड करीन, शपथ.

ताई

३ फेब्रुवारी

माझे आई,

जाई फुलली हे तुझ्या कार्डावर वाचलं. 'तुझ्या ऑगस्टची जाई, घे!' असं लिहून तू खाली तोंड वेंगाडलेला चेहराही काढलायस. लहानपणी माझ्या वहीवर काढायचीस तसाच.

आता हसू नकोस. मी मोठा कागद घेऊन तुझी बाग काढली. मागे भिंत, पुढे घर. भिंतीशी लिली, तिचं कार्ड वर्षाच्या सुरुवातीला आलं. मध्ये निशिगंध, तो त्यानंतर. मग मांडवावरची जाई, ती आत्ता. भिंतीकडून घराकडे, एकेक वाफा ओलांडत येतंय ते. जन्मभर मी कळ्यांवरून तारखा काढल्या, तशीच ही काढली. जाईच्या पुढे फक्त मोगरा उरतो. तो खिडकीखाली आहे. महिना संपत येईल तेव्हा मोगरा फुलेल, असा माझा हिशेब आहे. आणि मोगऱ्याच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे चिंगीचा पलंग.

म्हणजे अजून वेळ आहे. थोडा आहे, पण आहे. तेवढ्या वेळात तुझी समजूत पटेल या आशेवर मी आहे.

मोगऱ्यावर लक्ष ठेव. बाकी काही करू नकोस, मला शिव्या दे, नवऱ्यापुढे माझी टिंगल कर, पण रोज सकाळी मोगरा बघ. एक जरी कळी दिसली तरी चिंगीला उचल आणि बाहेर पड. कपडे घेऊ नकोस, भांडी घेऊ नकोस. मी नवीन घेऊन देईन.

तुझंही डोकं दुखतं म्हणतेस, आणि आत्याकडे दोन दिवस राहिलात तेव्हा चिंगी 'माकडासारखी नाचत होती'. घरी आली की पुन्हा मलूल. याचा अर्थ तूच लाव. तू काही मठ्ठ नाहीस, हट्टी आहेस. खिडक्या उघड्या ठेवत जा. थंडी वाजली तर वाजू दे.

नवरा बाहेरगावच्या कामाला गेलाय, शनिवारी येईल, तोपर्यंत त्याला न विचारता घर कसं सोडू, असं लिहितेस. अगं, विचारायचं काय त्यात? ताईकडे जाऊन येते म्हण. भांडायला जाते म्हण, लगेच पटेल त्याला.

ये ना गं.

तुझी ताई

८ फेब्रुवारी, सकाळी, बसमध्ये

टिल्ले,

अक्षर हलतंय, समजून घे. बस खड्ड्यांतून चाललीय.

तुझं पत्र निघता निघता हातात पडलं. कार्ड नाही, चक्क पत्र. पहिल्यांदाच नीट लिहिलंस. 'ताई, तू उगाच मोगऱ्याची वाट बघतेयस. मोगरा केव्हाच फुलून गेला. ऑक्टोबरात. तळघर झालं त्यानंतर लगेच. इतका फुलला की चिंगीच्या खोलीत घमघमाट. मग आठवड्याभरात सगळा वाळला, मी उपटून टाकला. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस पाणी घातलं नाही, तुला झाडं जगवता येत नाहीत. जाईसुद्धा नोव्हेंबरात फुलली. मग निशिगंध. लिली सगळ्यांत शेवटी. तुला एकदम सगळं सांगितलं असतं तर एकदाच झोंबलं असतं, म्हणून पुरवून पुरवून सांगितलं. आधी सगळ्यांत झोंबेल ते.'

अगं वेडे!

आणि माझंही डोकं फिरलं होतं म्हणून मी कार्डांच्या तारखांना फुलांच्या तारखा समजले. फूल कधी उमललं, हा पहिला प्रश्न मी बागेतल्या नव्या पोरांना विचारायला शिकवते. तुला विचारला नाही.

आता बघ. मोगरा आधी. मग जाई, मग निशिगंध, मग पार भिंतीशी लिली. ते भिंतीकडून घराकडे येत नाहीये टिल्ले. ते घराकडून भिंतीकडे निघालंय. तळघर खणलं तिथे त्या कचऱ्याला हवा मिळाली, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. सुरुवातच चिंगीच्या खोलीखाली झालीय. तुम्ही चार महिने त्याच्यावर झोपताय.

फोन किती वेळा केला, वाजतोय नुसता. माळीबुवांना अग्निशामकवाल्यांकडे पिटाळलंय. ते म्हणाले, "फुलांचं सांगणार नाही बाई, सरळ आग लागली म्हणतो." शहाणा माणूस.

ही चिठ्ठी हातातच घेऊन येतेय. दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सारीन. वाचत बसू नकोस. आधी बाहेर ये.

११ फेब्रुवारी, इस्पितळ

टिल्ले,

तू जागी झालीस की हे वाचायचंस. म्हणून तुझ्या उशाशी बसून लिहितेय. नर्सबाई म्हणाल्या, बोलत राहा, कदाचित ऐकू येत असेल. दोन दिवस बोलले. बोलून बोलून घसा बसला, आणि माझा घसा बसला म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

चिंगी बरी आहे. हे आधी सांगते. काल तिने भात खाल्ला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीशी भांडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पोरीने खिडकी फटभर उघडी ठेवली होती, त्याने वाचली. तिला विचारलं तर म्हणाली, "आईने सांगितलं होतं, मावशी ओरडेल म्हणून उघडी ठेव." मला रडूच फुटलं.

तुझ्या खोलीची खिडकी मात्र बंद होती. तू स्वतःला थंडी वाजू दिली नाहीस. माझ्यावर गेलीस, काय बोलू!

मी आले तेव्हा घर बाहेरून अगदी देखणं दिसत होतं. मागे लाल लिल्या, पांढरा निशिगंध, मधमाश्या. बेल वाजवली. आत फोन वाजत होता, तो मीच लावला होता. चिठ्ठी फटीतून सारली आणि थांबले, आणि मग मला कळलं की मी मूर्खासारखी थांबलेय. शेवंतीची कुंडी उचलली आणि खिडकीची काच फोडली. शेजारचे मास्तर धावत आले, त्यांनी तोंडावर ओला टॉवेल धरून आत शिरून चिंगीला खिडकीतून माझ्याकडे दिलं, मग तुला ओढून बाहेर आणलं. तू चिंगीच्या दाराशी पडली होतीस, एक हात दाराकडे. तिलाच आणायला उठली होतीस ना? पुढच्या दारामागे तुझी बॅग भरलेली होती. चिंगीचा शाळेचा गणवेश, तुझ्या दोन साड्या, आणि माझ्यासाठी तो लोणच्यासारख्या आंबट गोळ्यांचा डबा, मला आवडतो तो. म्हणजे तू येणारच होतीस. एक सकाळ कमी पडली.

जमीन अशी धुमसते तेव्हा निघणाऱ्या त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणसाला नुसती झोप येते, आणि ती वाढत जाते. अग्निशामकवाल्यांनी तळघराचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या भिंतीचा एक कोपरा लाल होता म्हणे. सबंध कॉलनी रिकामी केलीय. नगरपालिकेचे ते साहेबही आले होते. लिलीजवळ उभे राहून मातीला हात लावत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. 

तुझा नवरा आल्यापासून कॉरिडॉरमध्ये उभाच आहे. खुर्ची दिली तरी बसत नाही. काल माझ्यासमोर येऊन म्हणाला, "ताई, तळघर मीच खणलं. वेल्डिंगची गरम राखही मीच तिथे कोपऱ्यात लोटायचो." मी त्याच्यावर रागावले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही रागावले. चहा आणून दिला. गोड.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना धरलं. म्हटलं, ही कधी उठेल? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. आज, उद्या, महिन्याने." मग हळूच म्हणाल्या, "कदाचित नाहीही." मी म्हटलं, अंदाज तरी? त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. टिल्ले, सगळा जन्म लोक मला विचारत आले, कधी उमलेल, आणि मी तारीख देत आले. ही एक तारीख मला हवी आहे आणि ती कोणाकडेच नाही. मला भीती वाटतेय. तुझ्या ताईला भीती वाटतेय, हे लिहून ठेव कुठेतरी.

म्हणून मीच काढली. चिंगीने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून तुझ्या पायाशी उभी केलीय. सोळा फेब्रुवारी, सकाळ. माझं गणित आहे, ठाम आहे, त्यात मागेपुढे होणार नाही.

तुला माझं गणित चुकवायची भारी हौस ना? माझ्या मे महिन्याची लिली डिसेंबरात आणून दाखवलीस, ऑगस्टची जाई नोव्हेंबरात. मग आता दाखव. सोळा तारखेची वाट बघू नकोस. पंधराला ऊठ. चौदाला ऊठ. आत्ता, मी हे लिहीत असताना ऊठ आणि तुझ्या त्या किरट्या आवाजात म्हण, 'ताई, तुझं गणित चुकलं.'

मी इथेच बसलेय.

तुझी ताई